शंभर डोळे, दोन अक्षरे

१

एका इंग्रजी समीक्षालेखाचे मराठी भाषांतर करीत असताना मी एका शब्दापाशी अडले. लेखकाने एका जुन्या संपादकाचे कौतुक करताना त्याला ‘आर्गस-आइड’ असे विशेषण लावले होते. शब्द दुर्बोध नव्हता. कोणताही इंग्रजी कोश त्याचा अर्थ ‘अत्यंत दक्ष, तीक्ष्ण नजरेचा, ज्याच्या दृष्टीतून काही सुटत नाही असा’ असाच देईल. त्यामागची ग्रीक पुराणकथा तळटीपेत दोन ओळींत सांगता येण्याजोगी होती. तरीही त्या एका शब्दाने माझे काम आठवडाभर थांबले. आणि त्याचे कारण केवळ भाषांतराच्या अडचणीत नव्हते, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

पहिला मोह अर्थातच ‘सहस्राक्ष’ या शब्दाचा होता. आर्गसला शंभर डोळे, इंद्राला हजार. हिशेब आपल्या बाजूने फायद्याचाच. पण शब्दांच्या बाबतीत असा हिशेब चालत नाही. पुरुषसूक्तातील विराट पुरुष सहस्राक्ष आहे, तो सर्वव्यापी असल्यामुळे. त्याला कोणावर पहारा करावयाचा नाही. अथर्ववेदात वरुणाचे हेर हजार डोळ्यांनी पृथ्वीकडे पाहतात. ही प्रतिमा आर्गसच्या सर्वांत जवळची, परंतु मराठी वाचकाच्या मनात ‘सहस्राक्ष’ म्हटल्यावर वरुणाचे हेर उभे राहत नाहीत, इंद्रच उभा राहतो. आणि इंद्राचे हजार डोळे कुठून आले? महाभारताच्या आदिपर्वात तिलोत्तमा देवांना प्रदक्षिणा घालते तेव्हा तिला सर्व बाजूंनी पाहता यावे म्हणून त्याच्या अंगावर डोळे उमटतात. लोकपरंपरेतील अहल्येच्या कथेत ते गौतमाच्या शापाच्या खुणांतून निर्माण होतात. एका कथेत डोळ्यांचे मूळ अभिलाषेत आहे, दुसरीत अपराधात. म्हणजे ‘सहस्राक्ष’ हा शब्द वापरला की राखणदार नाहीसा होतो आणि त्याच्या जागी लोलुप प्रेक्षक येऊन बसतो. एखाद्या संपादकाला तसे म्हणणे अन्यायाचे झाले असते.

दुसरा पर्याय आपल्या नित्य वापरातला: ‘डोळ्यांत तेल घालून’. या वाक्प्रचाराकडे जरा थांबून पाहिले, तर त्यातील कष्ट जाणवतात. डोळ्यांत तेल घातले की डोळे चुरचुरतात, पाणावतात, पण मिटत नाहीत. दक्षता ही येथे अवयवांची संख्या नाही. ती स्वतःला दिलेली यातना आहे. मराठीतील या अर्थाचे बहुतेक शब्द असेच आहेत. ‘पहारा’ हा ‘पाहणे’ या क्रियापदाचा नातेवाईक वाटतो, पण तो ‘प्रहर’ या कालवाचक शब्दापासून आलेला आहे; म्हणजे पहारेकरी जे देतो ते डोळे नव्हेत, रात्रीचे प्रहर. ‘जागल्या’ या गावगाड्यातल्या शब्दात तर डोळा कुठेच नाही, फक्त जागणे आहे, आणि तेही दुसऱ्यांच्या मालमत्तेसाठी. ‘सावध’ हा ‘सावधान’चा, म्हणजे अवधानाचा वारस. हा शब्द आपण लग्नात वधूवरांच्या कानांवर घालतो आणि तो कोणी ऐकत नाही. ज्या एकाने तो अक्षरशः ऐकला ते समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, अशी आख्यायिका आहे.

इंग्रजीतील देशी शब्दही याच जातीचे आहेत. ‘वॉच’ आणि ‘वेक’ हे एकाच धातूचे. पाहणे आणि जागे राहणे यांची तेथे फारकत नव्हती. लॅटिनमधून आलेल्या ‘व्हिजिलन्स’चे मूळही जागण्यातच आहे. परीक्षागृहातील पर्यवेक्षकाला इंग्रजीत ‘इन्व्हिजिलेटर’ म्हणतात, त्यातही हाच जागर आहे. या साऱ्या गोतावळ्यात ‘आर्गस-आइड’ हा एकटाच शब्द वेगळा पडतो. तो जागण्याबद्दल काही सांगत नाही. तो फक्त डोळे मोजतो.

२

हा आर्गस कोण, हे थोडक्यात सांगावयास हवे. आर्गोस येथील हेरेच्या मंदिरातील ईओ या पुजारिणीवर झ्यूसची नजर गेली. हेरेला संशय येताच झ्यूसने ईओचे गाईत रूपांतर केले. हेरेने ती गाय भेट म्हणून मागून घेतली आणि तिच्यावर राखण करण्यासाठी ‘पॅनॉप्टेस’, म्हणजे सर्वदर्शी, हे उपपद मिरवणारा आर्गस नेमला. त्याच्या डोळ्यांची संख्या सर्व परंपरांत सारखी नाही. हेसिअडच्या नावावर मोडणाऱ्या एका काव्याच्या अवशेषात ते चारच आहेत. अपोलोडोरसच्या नावावरील ग्रंथात ते सर्वांगावर आहेत. शंभर हा आकडा पुढे युरोपात रूढ झाला तो मुख्यतः ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्यामुळे. इसवी सनाच्या पहिल्या दशकातील या लॅटिन काव्याच्या पहिल्याच सर्गात ही कथा येते. तेथे देवांची नावे रोमन आहेत. सोयीसाठी मी ग्रीकच ठेवते.

ओव्हिडची संहिता मी इंग्रजी भाषांतरांतून वाचली आहे, आणि ती पुन्हा वाचताना या वेळी मला तिच्यातील तीन गोष्टी प्रथमच दिसल्या. पहिली गोष्ट आर्गसच्या झोपेविषयी. त्याचे शंभर डोळे कधीच एकाच वेळी उघडे नसतात. दोन-दोन डोळे पाळीपाळीने विश्रांती घेतात आणि बाकीचे पहाऱ्यावर राहतात. येथे दक्षतेचे रूपांतर व्यवस्थेत झालेले आहे. कोणत्याही एका डोळ्याला स्वतःत तेल घालावे लागत नाही, कारण दुसरा उघडा आहे याची त्याला खात्री आहे. आपण ज्याला जबाबदारी म्हणतो ती शंभरांत विभागली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला किती उरते, हा प्रश्न ओव्हिड विचारत नाही. पण कथेचा शेवट त्याचे उत्तर देतो.

दुसरी गोष्ट धुळीतल्या अक्षरांची. गाय झालेली ईओ दिवसा कडवट पाला खाते, गढूळ पाणी पिते. रात्री आर्गस तिच्या गळ्यात साखळी घालून तिला कोंडतो. तिला याचनेसाठी आर्गसपुढे हात पसरावेसे वाटतात, आणि पसरायला हात नाहीत हे तिच्या ध्यानात येते. बोलायला जाते तर हंबरडा निघतो आणि स्वतःच्याच आवाजाने ती दचकते. एकदा चरत चरत ती पित्याच्या, इनाकस या नदीदेवतेच्या, काठाशी येते. इनाकस हरवलेल्या मुलीचा शोध घेत आहे. ही गाय कोण हे त्याला ठाऊक नाही. तो सहज गवत उपटून तिच्यापुढे धरतो, ती त्याचा हात चाटते. मग ती खुराने धुळीत आपले नाव लिहिते. रोमन लिपीत ती दोनच अक्षरे होतात. देवनागरीतही दोनच: ई, ओ.

इनाकस ती वाचतो. दोन डोळ्यांचा, मुलीच्या शोकाने थकलेला तो बाप गाईच्या गळ्यात पडून रडतो. सापडली नव्हतीस तेव्हाचे दुःख हलके होते, अशा अर्थाचे काही म्हणतो. आर्गस तेथेच आहे. त्याचे शंभर डोळे, किंवा विश्रांतीची पाळी असलेले दोन वजा केले तर अठ्ठ्याण्णव, हे सर्व पाहत आहेत. धुळीतल्या रेघा त्यांना दिसल्या नसतील असे मानायला जागा नाही; सर्वदर्शी हेच त्याचे नाव. पण त्याने वाचले काहीच नाही. गाय कोणा परक्याशी घुटमळते आहे एवढेच त्याने पाहिले, तिला बापापासून तोडले, दूरच्या कुरणात हाकलले आणि स्वतः एका उंच शिखरावर चहूंकडे नजर टाकीत जाऊन बसला.

तिसरी गोष्ट त्याच्या मृत्यूची. अपोलोडोरसच्या ग्रंथात हर्मीस त्याला दगड फेकून मारतो. ओव्हिडचा हर्मीस मात्र टोपी आणि पंख उतरवून गुराख्याच्या वेषात येतो, पावा वाजवतो, आणि शिखरावर एकटा बसलेला आर्गस त्याला आपण होऊन शेजारी बसायला बोलावतो. पाव्याच्या सुरांनी काही डोळे पेंगतात, काही झोपेशी झगडत राहतात. मग आर्गस विचारतो, हा पावा नवाच दिसतो, तो कसा निर्माण झाला? त्याच्या तोंडी आलेला हा एकमेव जिज्ञासेचा प्रश्न. हर्मीस सिरिंक्सची गोष्ट सांगू लागतो: पॅन हा देव तिच्या मागे लागला, ती धावत सुटली, नदीपाशी वाट खुंटली, आणि तिचे वेळूत रूपांतर झाले. गोष्ट पुरी होण्याआधीच शंभरही डोळे मिटतात. उरलेली गोष्ट हर्मीसला सांगावीच लागत नाही, ती कवी आपल्याला सांगतो. पुढचे काम तलवारीचे.

आता सिरिंक्सची गोष्ट म्हणजे तरी काय? देवाने पाठलाग केलेली मुलगी आणि तिचे हिरावले गेलेले मनुष्यरूप. म्हणजे ही ईओचीच गोष्ट, दुसऱ्या नावाने सांगितलेली. जिच्यावर आपण रात्रंदिवस पहारा करतो आहोत तिचेच चरित्र आर्गसच्या कानांवर पडत होते, आणि ते ऐकता ऐकता तो झोपी गेला. कथेने त्याला मारले असे आपण साहित्याचे शिक्षक मोठ्या अभिमानाने म्हणू. मला वाटते, त्याला कथेने मारले नाही. कथा ही आपल्या समोरच्या कोणाची तरी असू शकते, हे न कळल्यामुळे तो मेला.

त्याच्या मरणानंतर हेरेने ते शंभर डोळे उचलून मोराच्या पिसाऱ्यावर बसवले. पाहणारे डोळे तेथे पाहिले जाणारे झाले. निसर्गशास्त्रज्ञांनी ही गोष्ट नेमकी ओळखली. आग्नेय आशियातील ज्या रानकोंबड्याच्या पंखांवर अशाच डोळ्यांच्या रांगा असतात त्याला लिनिअसने १७६६ मध्ये आर्गसचे नाव दिले. आणि डार्विनने १८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये त्या डोळ्यांची सविस्तर चर्चा केली ती मादीसमोर करावयाच्या प्रदर्शनाचा भाग म्हणून. त्या डोळ्यांनी काही दिसत नाही. ते दाखवण्यासाठी आहेत.

३

इंग्रजी भाषेने आर्गसला स्वीकारले तेव्हा त्याचे अपयशही तिला ठाऊक होते, हे आज विसरले गेले आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’मध्ये क्रिसेडच्या धूर्त पित्याला आर्गसचे डोळे बहाल केले, पण ‘मर्चंट्स टेल’मध्ये म्हातारा, आंधळा, मत्सरी नवरा तरुण पत्नीवर पाळत ठेवतो तेव्हा निवेदक बजावतो, की शंभर डोळ्यांचा आर्गसही फसलाच होता. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये बेरोन आपल्या प्रियेविषयी म्हणतो, की तिच्यावर प्रत्यक्ष आर्गस राखणीला ठेवला तरी व्यर्थ. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या अखेरच्या अंकात पोर्शिया थट्टेने नवऱ्याला आपल्यावर आर्गससारखी नजर ठेवण्याचे आव्हान देते. आणि ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’मध्ये एक सेवक एजॅक्सचे वर्णन करताना त्याला असा आर्गस म्हणतो, की ज्याला डोळेच डोळे आहेत पण दृष्टी नाही. चॉसर आणि शेक्सपिअर यांना जे एका वाक्यात सांगता येत होते ते सांगायला मला एवढा लेख लिहावा लागतो आहे.

या उदाहरणांत आणखी एक सूत्र आहे. जिच्यावर नजर ठेवायची ती जवळजवळ प्रत्येक ठिकाणी स्त्री आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात आर्गस सार्वजनिक जीवनाचा पहारेकरी बनला. मेलबर्नला १८४६ पासून १९५७ पर्यंत ‘द आर्गस’ नावाचे वृत्तपत्र होते. केपटाऊनला १८५७ मध्ये ‘केप आर्गस’ निघाले. या प्रवासात विशेषण प्रतिष्ठित झाले आणि दोन गोष्टी गळून पडल्या: पहारेकऱ्याची झोप आणि गाय. शब्दांच्या इतिहासात असे विस्मरण नेहमीचेच आहे. रूपक मृत होते म्हणजे त्यातील कोणीतरी आधी मरते. येथे ईओ मेली. ‘आर्गस-आइड’ म्हणताना त्या शंभर डोळ्यांसमोर कोण होते, हा प्रश्न आता कोणाला पडत नाही.

एस्किलसच्या नावावर असलेल्या ‘प्रॉमेथ्यूस बाउंड’ या नाटकात मात्र ईओ रंगमंचावर येते ती भ्रमिष्टासारखी धावतच. आर्गस मेलेला आहे, आणि तरीही त्याचे डोळे आपला पाठलाग करीत आहेत, मातीनेही त्याला आपल्या पोटात ठेवून घेतले नाही, असा तिचा आकांत आहे. पहारेकऱ्याच्या बाजूने कथा संपते तेथे पाहिल्या गेलेल्या व्यक्तीच्या बाजूने ती सुरू होते. कोशकाराच्या नोंदीत ही बाजू येत नाही.

४

येथवरचे सारे मी पुस्तकांच्या आधारे लिहिले. पण आठवडाभर मी अडून राहिले ते यामुळे नव्हे.

बारा वर्षांपूर्वी, एप्रिल महिन्यात, पदवी परीक्षेच्या एका केंद्रावर मी पर्यवेक्षक होते. पेपर अर्थशास्त्राचा. वर्गात चाळीसेक विद्यार्थी. भरारी पथक येणार अशी कुजबुज सकाळपासून होती आणि मी, खरे सांगायचे तर, अत्यंत दक्ष होते. खिडकीजवळच्या रांगेत एक मुलगी बसली होती. हातात हिरवा चुडा, म्हणजे लग्न नुकतेच झालेले. तिच्या बांगड्यांचा आवाज मला मधूनमधून ऐकू येत होता. पेपर संपायला वीसेक मिनिटे असताना तिने उत्तरपत्रिका मिटून ठेवली, प्रवेशपत्र उलटे केले आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर ती पेन्सिलीने काहीतरी लिहू लागली. प्रवेशपत्रावर काहीही लिहिणे नियमाने निषिद्ध आहे. मी मागून गेले आणि ते तिच्या हातातून काढून घेतले. ती उभी राहिली. काही बोलली नाही.

पुढचे सारे पाळीपाळीने झाले. मी वरिष्ठ पर्यवेक्षकांना कळवले, त्यांनी केंद्रप्रमुखांना. ठरावीक नमुन्यातला अर्ज आला. प्रवेशपत्र पाकिटात बंद झाले, पाकिटावर सह्या झाल्या. विद्यार्थिनीच्या निवेदनासाठी ठेवलेली जागा तिने कोरी सोडली आणि खाली सही केली. लिपिकाने ती प्रवेशपत्रावरील सहीशी ताडून पाहिली, जुळत नव्हती. तशी वेगळी नोंद झाली. ती गेली. निकाल राखून ठेवला गेला.

सहा महिन्यांनी चौकशी समितीपुढे मला साक्षीसाठी बोलावले. मुलगी आली नव्हती. तिला पाठवलेले पत्र माहेरच्या पत्त्यावरून परत आले होते. समितीचे अध्यक्ष निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे प्राध्यापक होते. त्यांनी पाकीट फोडले, चष्मा लावला आणि त्या प्रवेशपत्राची पाठ पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तेथे एक नाव होते. मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. एकाखाली एक, सात वेळा. मग तीन वेळा दुसरे नाव. पहिले नाव निराळे, मधले निराळे, आडनाव निराळे. मग पुन्हा पहिले, अर्धवट. तेथे मी कागद ओढला होता.

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारले, “मॅडम, यात अर्थशास्त्र कुठे आहे?”

मी म्हणाले, “सर, मी वाचले नव्हते.”

त्या उत्तरात खोटे काही नव्हते. अक्षरे मी पाहिली होती. निषिद्ध जागी अक्षरे आहेत एवढे दिसणे मला पुरेसे वाटले. माझ्यानंतर ज्या चार-पाच जणांच्या हातांतून तो कागद गेला त्यांनाही ते पुरेसे वाटले, कारण प्रत्येकाला खात्री होती की आधीच्या डोळ्याने नीट पाहिलेच असेल. समितीने निकाल मोकळा केला. गुणपत्रिका नेण्यासाठी ती आली की नाही, हे मला कळले नाही. मी विचारले नाही असे लिहिणे अधिक योग्य.

ज्या मुलीच्या हातून ते लिहिले गेले तिला समजून घेण्यासाठी मला कोणत्याही सिद्धांताची गरज पडायला नको होती. आमच्याकडे लग्नाच्या रात्री लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात बायकोचे नवे नाव लिहितो. सगळे वाकून वाचतात, टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. माझेही नाव असेच लिहिले गेले. माझ्या एम. ए.च्या पदवीपत्रावर एक नाव आहे, पीएच. डी.च्या पदवीपत्रावर दुसरे, आणि या दोन व्यक्ती एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रत्येक अर्जासोबत राजपत्रातील पान जोडावे लागते. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी कुठे गेले हे मी कधी विचारले नाही. बहुधा डब्यात परत गेले असतील. एक नाव तांदळात दुसऱ्याने लिहायचे, आणि एक नाव आपण धुळीत लिहायचे. ईओच्या त्या दोन ओळी मी एम. ए.पासून वाचत आले होते, वर्गात शिकवीतही होते. आणि तरी माझ्या दोन हातांच्या अंतरावर कोणी आपले नाव लिहीत होते तेव्हा माझे डोळे फक्त उघडे होते.

५

हा व्यक्तिगत प्रसंग समीक्षेच्या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की तो समीक्षाव्यवहाराबाहेरचा नाही.

माझ्या पिढीने समीक्षा शिकली ती बऱ्याच अंशी पहारा म्हणून. पॉल रिकर यांनी १९६५ मध्ये फ्रॉइडवरील ग्रंथात मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना संशयाच्या विद्येचे आचार्य म्हटले. आमच्या अभ्यासक्रमांत हे तिघे आणि त्यांचे शिष्य आले तेव्हा आम्ही हरखून गेलो. संहिता जे सांगते त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ती जे लपवते ते पकडायचे. मिशेल फूको यांनी १९७५ मध्ये बेंथमच्या ‘पॅनॉप्टिकॉन’चे, म्हणजे १७९१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या त्या सर्वदर्शी तुरुंगाच्या आराखड्याचे, विश्लेषण केले. कैद्याला आपण पाहिले जात आहोत याची खात्री नसली, पण शक्यता सतत असली, की पहारेकरी मनोऱ्यात नसला तरी चालते. आर्गसचे उपपदच त्या इमारतीच्या नावात आहे. परीक्षागृहांत आता कॅमेरे लागले आहेत. त्यांना झोपही येत नाही आणि त्यांना कोणी गोष्टही सांगू शकत नाही. फूको वाचून आम्ही सत्तेची नजर ओळखायला शिकलो, यात शंका नाही. पण दुपारी फूको शिकवून मी सकाळच्या सत्रात पर्यवेक्षकाच्या खुर्चीत बसत होते, आणि या दोन कामांत मला कधी विसंगती जाणवली नव्हती. याचे कारण, मला वाटते, दोन्ही ठिकाणी माझी वृत्ती एकच होती: समोरच्या लेखनात अपराध आहे, तो मला दिसला पाहिजे.

याला उतारा म्हणून हर्मीसकडे वळण्याची आपल्या क्षेत्रात रीत आहे. ‘हर्मेन्यूटिक्स’ या अर्थनिर्णयनशास्त्राच्या नावाचा संबंध परंपरेने त्याच्याशी जोडला जातो. ती व्युत्पत्ती खरी असो वा नसो, देवांचे निरोप माणसांपर्यंत पोचवणारा हा दूत अर्थकारांना आपला पूर्वज वाटत आला आहे. पण वर सांगितलेल्या कथेत हर्मीसच्या अंगरख्याखाली तलवार आहे, आणि तो ईओसाठी आलेला नाही, झ्यूसच्या हुकमाने आलेला आहे. कथनाच्या मोहिनीने दक्षतेला झोपवणे हा काही वाचनाचा आदर्श होऊ शकत नाही. त्याच्या विजयानंतरही ईओ सुटत नाही. हेरा तिच्यामागे नवा छळ लावते आणि ती नाईलच्या तीरापर्यंत धावत राहते.

मला त्या कथेतील तिसरा माणूस महत्त्वाचा वाटू लागला आहे. इनाकसने वाचले. वाचण्याआधी त्याने गवत पुढे केले होते, म्हणजे समोर कोण आहे हे ठाऊक नसताना तो तिच्याशी जिव्हाळ्याने वागला होता. आणि वाचल्याने त्याला काहीच मिळाले नाही. मुलगी परत आली नाही, पहारेकरी हटला नाही. पूर्वी आशा तरी होती, आता निश्चित दुःख. वाचन ही सत्ता आहे असे आम्ही इतके वेळा लिहिले आहे की वाचनाने माणूस निरुपायही होतो, हे आम्हांला स्वीकारता येत नाही. पण त्या निरुपाय क्षणी धुळीतल्या दोन अक्षरांना वाचक मिळाला होता. ईओच्या साऱ्या कथेत, तिला मनुष्यरूप परत मिळेपर्यंत, तेवढाच एक क्षण तिचे म्हणणे कोणाला तरी कळले. ते रूप परत मिळाल्यावरही ती लगेच बोलत नाही. तोंड उघडले तर पुन्हा हंबरडाच निघेल अशी तिला भीती वाटते. ओव्हिडने ही भीती नोंदवून ठेवली आहे.

ग्रीक परंपरेत याच नावाचा दुसराही एक आर्गस आहे. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात वीस वर्षांनी, भिकाऱ्याच्या वेषात, ओडिस्यूस आपल्या घरी परततो. त्याला कोणी ओळखत नाही. शेणाच्या उकिरड्यावर पडलेला, अंगावर गोचिड्या झालेला त्याचा म्हातारा कुत्रा मात्र कान पाडतो, शेपूट हलवतो, आणि मरतो. त्याला दोनच डोळे, तेही विझत आलेले. मराठीत आपण प्रतीक्षेला ‘वाट पाहणे’ म्हणतो. पाहण्याचा हा अर्थ शंभर डोळ्यांच्या आर्गसला ठाऊक नव्हता, या कुत्र्याला होता. इंग्रजीने दक्षतेचा शब्द घडवताना या दोघांतून राखणदार निवडला. तिने कुत्रा निवडला असता तर तो शब्द कोणत्या अर्थाचा झाला असता, हा विचार मनोरंजक आहे.

माझे भाषांतर अखेर पूर्ण झाले. त्या जागी मी ‘डोळ्यांत तेल घालून वाचणारा संपादक’ असे लिहिले आहे. मूळ विशेषणात वाचन नाही, त्यामुळे ही सूट आहे हे मी जाणते. काटेकोर परीक्षक तिच्यावर खूण करतील आणि त्यांचे चुकणार नाही. तळटीप मात्र दोन ओळींची राहिली नाही. आर्गसविषयी मूळ लेखनाला पुरेशी माहिती झाल्यावर मी तिच्यात गाईचे नावही घातले आहे, आणि ते नाव तिने स्वतः कुठे लिहिले होते तेही.